जमादाराची गादी

अनसिंगजवळचा मळा
१२ जानेवारी

चि. सुचिता,

पत्र पाहून घाबरू नकोस. कोणी गेलेलं नाही. आजकाल टपालाने काही आलं की माणूस आधी त्याचा कोपरा फाटलेला आहे का ते पाहतो, म्हणून हे पहिल्याच ओळीत लिहिलं. तुझ्या आईच्या मागे तुला पत्र लिहायचं राहूनच गेलं होतं.

फोन का केला नाही म्हणशील. फोनवर मला माशी भुणभुणल्यासारखं ऐकू येतं. मग मी ओरडून बोलतो आणि साऱ्या मळ्याला कळतं. ही गोष्ट हरीओमला कळायला नको आहे. तो माझाच मुलगा आहे, वाईट नाही, पण त्याला सगळं झटकन पाहिजे.

राधिकाच्या लग्नात तुझा भाऊ अंकुर सांगत होता की तू पुण्याला रविवारी धरणावर मासोळ्या धरतेस आणि पुन्हा पाण्यात सोडून देतेस. आम्ही सगळे हसलो होतो. मीही हसलो होतो, ते मनावर घेऊ नकोस. आता मला तेच काम पडलं आहे.

आपल्या शेततळ्यातली प्लास्टिकची पन्नी फाटली. दिवाळीनंतर एक रोही, तुमच्याकडे नीलगाय म्हणतात ती, तळ्यात उतरली. उतरली खरी, पण वर येता येईना. त्या गुळगुळीत प्लास्टिकवर खूर टेकवायची आणि घसरून पुन्हा पाण्यात. आम्ही दोर टाकून ओढून काढली, तोवर पन्नीच्या चिंध्या झाल्या होत्या. आता पाणी झिरपून रोज थोडं थोडं उतरतं. उन्हाळ्याआधी तळं रिकामं करून नवी पन्नी टाकायची असं हरीओमने ठरवलं आहे. मासोळ्या भोई लोक जाळ्याने काढून घेऊन गेले. एक राहिली. ती जाळ्यावरून उडी मारून निघून गेली, दोनदा. सायप्रिनस जातीची आहे, पिवळट, तोंडाला मिशा, सहा-सात किलोची तरी असेल. तुझ्या मामीने तिचं नाव जमादार ठेवलं आहे. मिशा आहेत आणि सकाळी काठाने गस्त घालते, म्हणून.

हरीओम म्हणतो, शेवटी चिखल राहील तेव्हा हाताने धरू आणि देऊन टाकू. मला ती जिवंत पाहिजे, अंगावर ओरखडाही नको. गावतलावात नेऊन सोडायची आहे. कारण विचारू नकोस.

तुझ्याकडे असेल ते सामान पाठव. मला सातवीपर्यंतचं वाचता येतं, तेव्हा सोपं लिहून पाठव.

मामी बरी आहे.

तुझा मामा,
नथ्थू

०

पुणे
२१ जानेवारी

प्रिय मामा,

पाकिटाचा कोपरा मी खरंच आधी पाहिला! मग पत्र वाचून इतका आनंद झाला की दवाखान्यात एक्स-रे काढता काढता स्वतःशीच हसत होते. शेवटी आपल्या घरात मला कुणीतरी समजून घेणारं भेटलं. निवृत्तीच्या वयात असा छंद लागणं ही मोठी भाग्याची गोष्ट आहे, मामा. पाण्याकाठी बसलं की डोक्यातला गलका थांबतो.

तुमच्या सायप्रिनसला इकडे आम्ही कार्प म्हणतो. फार हुशार मासा. दाणा तोंडात घेतो, चव बघतो आणि संशय आला की फुंकून टाकतो. म्हणून घाई करू नका. मका रात्रभर भिजवा, उकडा, थंड करा. चार-पाच दिवस एकाच जागी मूठ मूठ टाका, गळ न लावता. त्याला त्या जागेची सवय होऊ द्या. त्यानंतरच गळ टाका.

पार्सल आजच पाठवते आहे. काठी, चक्री, तंगूसाचा दोरा, गळ, वजन, सगळं माझ्या हाताने जोडून ठेवलं आहे. तुम्ही फक्त मक्याचा दाणा गळामागच्या शेंडीला ओवायचा, गळाला नाही. सोबत मोठी झोळीची जाळी आहे आणि एक गादी आहे. मासा बाहेर काढला की जमिनीवर ठेवायचा नाही, गादीवर ठेवायचा, आणि गादी आधी ओली करायची. लहान बाटलीत जखमेला लावायचं औषध आहे.

मासा ओढेल तेव्हा ओढू द्या. दमला की येईल.

हरीओमदादाला मी काही सांगणार नाही. हे आपल्या दोघांत. पण मामीबद्दल एकच ओळ का लिहिलीत? तिला म्हणावं, सुचीने तुझ्या हातच्या आंबाडीच्या भाजीची आठवण काढली.

तुमची,
सुचिता

०

अनसिंगजवळचा मळा
१ फेब्रुवारी

चि. सुचिता,

पार्सल मिळालं. हरीओम भाजी घेऊन वाशीमच्या बाजारात गेला होता, ते बरं झालं. मी आणि शेजारचा मदनसिंग अशा दोघांनी मिळून उघडलं. तेव्हापासून माझ्या डोक्यात नुसता गोंधळ आहे. तू रागावू नकोस, पण तुला दुकानदाराने फसवलेलं दिसतं.

गळाला मागचा काटाच नाही. सुईसारखा गुळगुळीत आहे. असा गळ मासोळीच्या तोंडातून निसटणार नाही तर काय होईल? मी कानशीने त्याला खाच पाडणार होतो. कानस सापडली नाही. ती हरीओमने कुठे ठेवली हे विचारायचं म्हणजे सगळं सांगणं आलं.

मग ती शेंडी. गळाच्या पाठीमागे दोऱ्याची एक बारीक शेंडी काढली आहेस आणि लिहिलं आहेस की दाणा शेंडीला ओवायचा, गळाला नाही. म्हणजे दाणा एकीकडे आणि गळ उघडा दुसरीकडे! मासोळी दाणा खाऊन चालती होईल. मदनसिंग म्हणाला, "भाऊ, हे तं असं झालं, उंदीर सापडला पायजे म्हनून पिंजरा घरात अन् भाकर आंगनात."

गादी पाहून तर तो हसून हसून खाली बसला. "बाप्पा! मासोयीले गादी! अन् तुमी स्वतः कायच्यावर झोपून राह्यले, भाऊ? चटईवर! पुढच्या जल्मी तळ्यातच जल्म घ्या!" मी म्हटलं, पुण्याची पद्धत असेल. पण खरं सांगतो, मलाही कळलं नाही. मासोळीला पाठदुखी असते का?

औषध मी माझ्या बोटाला लावलं, तंगूसाने कापलं होतं. ते माणसाला चालतं ना? दोन दिवस बोट निळसर दिसत होतं.

एक मात्र काम तू सांगितलं नसतानाही मी केलं आहे. वजन जिथे लावलं आहे ते प्लास्टिकचं लहान चिमट्यासारखं आहे ना, ते फार ढिलं होतं. मी नुसतं ओढून पाहिलं तर शिसं गळून हातात आलं. पुन्हा बसवलं, पुन्हा गळालं. एवढ्या लांबून सामान पाठवायचं आणि तेच कच्चं! कुदळीचा दांडा ढिला झाला की आपण पाचर ठोकतोच की नाही, तसं मी केलं. आधी मेणदोऱ्याने घट्ट आवळलं, वरून चिकट गोंद सोडला आणि त्यावर सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी गुंडाळली. आता बैल जोडले तरी सुटायचं नाही. ती काळजी तू करू नकोस.

घाई मला यासाठी आहे की हरीओमने पन्नीवाल्याशी बोलणं पक्कं केलं. पाणी निम्म्याच्या खाली गेलं आहे. मका मी टाकतो आहे आणि जमादार खातो आहे. परवा-तेरवा गळ टाकीन.

तू छंद म्हणालीस. छंद नाही. पण ते असो.

मामी बरी आहे. आंबाडीचं तिला सांगितलं.

तुझा मामा,
नथ्थू

०

पुणे
५ फेब्रुवारी, स्पीड पोस्टाने

मामा,

पत्र आत्ता मिळालं. आधी एवढंच वाचा: गळ टाकू नका. ते वजन जसं होतं तसं करेपर्यंत काठीला हातही लावू नका.

चूक माझी आहे. मक्याबद्दल पानभर लिहिलं आणि ज्यावर माशाचा जीव असतो तेच लिहायचं राहिलं. मला ते इतकं सवयीचं झालं आहे की सांगायला हवं हे ध्यानातच आलं नाही. तुम्ही ती पट्टी, दोरा, गोंद सगळं ब्लेडने कापून काढा. वजन तिथे ढिलंच असायला हवं, मामा. मुद्दाम ढिलं ठेवलेलं असतं.

असं समजा. मासा गळाला लागला आणि पळाला. वजन कुठे दगडात, लाकडात अडकलं. तंगूस ताणला जाऊन वरून तुटला. आता मासा पाण्यात आहे, तोंडात गळ आहे, गळाला वजन आहे आणि वजन दगडात आहे. वजन गळून पडलं तर तो मोकळा होतो. मग बिनकाट्याचा गळ तो स्वतःच डोकं झटकून काढून टाकतो. वजन गळून पडलं नाही तर तो तिथेच बांधला जातो, दाव्याला बांधलेल्या गोऱ्ह्यासारखा. खायला येऊ शकत नाही, कुठे जाऊ शकत नाही आणि वरून कुणाला दिसतही नाही.

गळाला काटा नाही तो याचसाठी. गादीही याचसाठी. जमिनीवर तडफडला की त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि मग अंग सडतं. शेंडी का, तर गळ घशात न जाता ओठालाच लागावा म्हणून. दुकानदाराने मला फसवलेलं नाही. आम्ही सगळं असंच बांधतो: धरायचं, पण सुटायची वाट ठेवून धरायचं.

तुम्ही हरीओमदादाला सांगू नको म्हणालात म्हणून फोन करत नाही. नाहीतर केला असता.

आणि "छंद नाही" म्हणजे काय, मामा? दोन्ही पत्रांत "मामी बरी आहे" एवढीच ओळ आहे, अगदी एकसारखी. मामीने स्वतः दोन शब्द लिहून पाठवावेत, असं तिला सांगा.

सुचिता

०

अनसिंगजवळचा मळा
५ फेब्रुवारी

चि. सुचिता,

तुझ्या उत्तराची वाट न पाहता हे लिहितो आहे. अक्षर गिचमिड आहे, लावून घे.

काल सकाळी गळ टाकला. शेंडीला दाणा लावला, गळ उघडाच ठेवला, आणि तुझी शेंडीच खरी ठरली. जमादार लागला. काठी अशी वाकली की मला वाटलं मीच जातो आत. मदनसिंगने मला मागून कमरेला धरलं. तू लिहिलं होतंस, ओढू द्या, म्हणून ओढू दिलं. तो तळाशी गेला, पाणी उपसायच्या मोटारीच्या बाजूला वळला आणि एकदम सगळं गच्च झालं. ना पुढे, ना मागे. मग तंगूस तुटला. वरूनच तुटला.

मला आधी बरं वाटलं. म्हटलं, सुटला बिचारा, उद्या पुन्हा येईल. पण काल संध्याकाळी तो मक्यावर आला नाही. आज सकाळीही आला नाही. गस्तही नाही. मेला असता तर वर तरंगला असता ना? तरंगला नाही. मग आहे कुठे? पाण्याला तोंड नाही, विचारावं तरी कसं? मी काठाने फिरतो आहे आणि मला काही म्हणता काही समजत नाही.

आता तुला लिहितोच. तू छंद म्हणालीस ते मनाला लागलं होतं.

दिवाळी झाली आणि तुझ्या मामीचं उजवं अंग गेलं. दवाखाना झाला, औषधं सुरू आहेत. काठीच्या आधाराने चार पावलं चालते. पण बोलणं गेलं. दोनच शब्द राहिले. एक "नको". तो औषधाला, भाकरीला, हरीओमला, मला, सगळ्यांना. दुसरा "ये". तो फक्त जमादाराला. सकाळी मी तिला तळ्याच्या काठावर नेतो, डाव्या हाताने ती भाकरीचा कुस्करा टाकते आणि "ये, ये, ये" म्हणते. तेवढा वेळ तिचं तोंड पहिल्यासारखं दिसतं. हे मी कोणाला सांगितलं नाही. सांगितलं की लोक येतात, बसतात, मान हलवतात, आणि मग ते खरंच झाल्यासारखं वाटतं.

म्हणून तो जिवंत पाहिजे होता.

रोही घसरली तेव्हापासून मला धसकाच बसला आहे. त्या पन्नीवरून माणूस वर येऊ शकत नाही, सुचिता. म्हणून मी तिला नेताना तिच्या कमरेला दोरी बांधतो आणि दुसरं टोक माझ्या मनगटाला. एरवी आंगणाच्या फाटकाला बाहेरून तार पिळून ठेवतो. मदनसिंग म्हणतो, "भाऊ, वहिनी हाये का कालवड?" त्याला काय होतं बोलायला.

आज तिने दोनदा कुस्करा टाकला. "ये, ये" म्हणाली. पाणी हललं नाही. मी सांगितलं, अवो, थंडी आहे, तो तळाशी बसला असेल. ती माझ्याकडे पाहत राहिली. दुपारपासून जेवत नाही. ताट पुढे केलं की "नको".

मी तर सगळं पक्कं केलं होतं. मग चुकलं कुठे?

तुझा मामा

०

पुणे
९ फेब्रुवारी

मामा,

मी शब्द मोडला. तुमचं पत्र उघडलं आणि जिन्यातच उभी राहून हरीओमदादाला फोन केला. माफ करा किंवा नका करू, पण आता तासाचाही प्रश्न होता.

दादाला सांगितलं आहे ते इथेही लिहिते. जमादार बहुतेक जिवंत आहे. सायप्रिनस चिवट असतो. तो बांधला गेला आहे. वजन मोटारीच्या बाजूला कशात तरी अडकलं आहे. तंगूस सापडला तर तो ओढायचा नाही. ज्यात अडकलं आहे ते शोधायचं आणि हळूच ते वर आणायचं. पाण्यात कुणी उतरायचं नाही, विशेषतः तुम्ही नाही.

दादा आधी म्हणाला, "कोनती मासोयी? काय बोलून राह्यली तू, सुची?" मग मी मामीचं आणि जमादाराचं सांगितलं. मग म्हणाला, "मले वाटे बाबा तिले उगाच ऊन दाखवाले नेतात." आणि फोन ठेवला.

तुम्ही दोघे एका घरात राहता ना, मामा?

पुढचं मला माहीत नाही, आणि हे पत्र तुम्हाला मिळेल तोवर जे व्हायचं ते होऊन गेलं असेल. तरी लिहिते आहे, कारण फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि मला तुमच्याशी बोलायचं आहे. मामीची गोष्ट माझ्यापासून का लपवलीत म्हणून रडूही आलं आणि रागही आला. मी येते आहे, होळीला. मान हलवणार नाही, असा शब्द देते.

सुचिता

०

अनसिंगजवळचा मळा
१८ फेब्रुवारी

चि. सुचिता,

उशीर झाला. एवढं लिहायचं म्हणजे मला वेळ लागतो, आणि अजून सगळं नीट समजलेलं नाही. जसं झालं तसं लिहितो.

तुझं स्पीड पोस्टाचं पत्र आलं त्या दिवशी ते वाचून मी खाटेवर बसलो तो बसलोच. गोऱ्ह्याचं लिहिलं होतंस ना, ते वाचून. मीच पाचर ठोकली आणि मीच विचारत होतो की चुकलं कुठे. पण करायचं काय ते सुचेना, सांगायचं कोणाला ते सुचेना. ब्लेड घेऊन काठावर गेलो. कापायचं ते सगळं तर पाण्याच्या खाली. पुन्हा घरी आलो. मामी दाराशी बसली होती, डाव्या मुठीत मक्याचे दाणे. तिच्या समोरून जाताना मी ब्लेड खिशात घातलं.

दुसऱ्या दिवशी हरीओम बाजार अर्ध्यावर टाकून परत आला. गाडी बांधावरच सोडली, फाटकाची तार उपसून फेकली आणि माझ्या कानाशी येऊन ओरडला, "बाबा! मासोयी बांधल्या गेली म्हने! तुमी मले काहून नाई सांगतलं?" मी म्हटलं, तू चिखलात धरून देणार होतास ना. तो म्हणाला, "अन् तुमी गोंद लावून ठेवला! आपन दोघंबी शहाने!" असं म्हणून तो तळ्याकडे पळाला. मागून मी, माझ्या मागून मदनसिंग.

आम्ही तिघे काठाने फिरत होतो. एक म्हणे दगडात असेल, एक म्हणे फाटक्या पन्नीच्या घडीत असेल. मदनसिंग लांब बांबूने ढवळू लागला तेव्हा हरीओम त्याच्यावर खेकसला, मदनसिंग हरीओमवर खेकसला, आणि मला दोघांचंही अर्धंच ऐकू येत होतं. असा सगळा गोंधळ चालला होता. तेवढ्यात मी सहज मागे पाहिलं.

तुझी मामी काठावर बसली होती. अगदी कडेला, पाय पन्नीवर सोडून. एकटी. दोरी नाही, काही नाही. हरीओमने तार काढली ती घाईत कोणी परत लावलीच नव्हती. काठी टेकत टेकत ती आंगणातून तिथवर आली होती आणि आम्हा तीन माणसांना पत्ता नव्हता. ओरडलो तर दचकेल आणि घसरेल. धावलो तरी दचकेल. मी तसाच उभा, एक पाय उचललेला.

तिने मूठ उघडली. दाणे टाकले. "ये," म्हणाली. "ये, ये."

काही नाही. पुन्हा टाकले. पुन्हा "ये".

मग मोटारीच्या काळ्या पाईपजवळ पाणी गोल फिरलं. एकदाच. मासोळी वळून निघते आणि कोणी मागे ओढावं तसं. दाण्याकडे काही आलं नाही, पण पाणी पुन्हा तिथेच फिरलं. मामीने डावा हात उचलून पाईपाकडे बोट दाखवलं, आणि आमच्याकडे असं पाहिलं की जणू आम्ही तिघे गाढव आहोत.

खरंच होतो. पाईपच्या तोंडाला जाळीचा फूटवाल असतो, त्यात ते शिसं अडकून बसलं होतं. हरीओमने आणि मदनसिंगने पाईप दोराने सावकाश वर ओढला, इंच इंच. "दम धर गा, दम धर," असं दोघे एकमेकांना सांगत होते. मी तोवर मामीच्या मागे जाऊन बसलो होतो आणि तिचं लुगडं मुठीत धरून ठेवलं होतं. आधी फूटवाल दिसला, मग माझी सायकलच्या ट्यूबची पट्टी, जशीच्या तशी, मग हातभर तंगूस, आणि मग त्याचं तोंड.

जिवंत होता. झोळीत घेतला तेव्हा अंगात जोर नव्हता, बाजूवर कलत होता. गादी मीच ओली केली. मदनसिंगने त्याला स्वतः गादीवर ठेवला आणि हसला नाही. गळाला मी नुसतं बोट लावलं, तोच तो निघून हातात आला. ओठाला छिद्र पडलं होतं. तुझ्या बाटलीतलं औषध मामीने डाव्या हाताने लावलं. मिशीला लागू दिलं नाही.

तळ्यात परत सोडण्यात अर्थ नव्हता. गादीची झोळी करून, वरून ओलं पोतं टाकून, हरीओमच्या गाडीतून गावतलावावर नेला. मामीला पुढे बसवलं. ती येणारच होती, तिने गाडीचा दांडा धरला तो सोडलाच नाही.

तलावाचा काठ मातीचा आहे, उताराचा, धोका नाही. तरी मी सवयीने तिच्या कमरेला दोरी बांधली आणि टोक मनगटाला गुंडाळलं. ती काठावर बसली आणि मी गुडघाभर पाण्यात शिरलो. अंकुरने लग्नात हेही सांगितलं होतं की मासा सरळ धरून ठेवायचा, स्वतःचं बळ येईपर्यंत. मी दोन्ही हातांनी पोटाखालून धरला. तो कल्ले उघडत होता, मिटत होता. थोड्या वेळाने शेपूट हलली. मी म्हटलं, अजून नाही, अजून दमलेला आहे. पुन्हा हलली, जोराने. मी आणखी घट्ट धरला. कलला तर? तळाशी जाऊन बसला तर? एवढं करून गेला तर मी घरी काय तोंड दाखवू? हरीओम काठावरून काहीतरी ओरडत होता. ते मला ऐकू आलं नाही.

मग मागून आवाज आला, तो मात्र ऐकू आला.

"सोड."

मी वळून पाहिलं. हरीओम तोंड उघडं टाकून आईकडे पाहत होता. दिवाळीपासून हा शब्द तिच्याजवळ नव्हता. ती माझ्याकडेच पाहत होती, पण माझ्या हातात एकीकडे मासोळी होती आणि त्याच हाताला दोरी होती, आणि दोरीच्या दुसऱ्या टोकाला ती. कोणाला म्हणाली? मी हरीओमला विचारलं, तो म्हणतो मासोयीलेच. मदनसिंगला विचारलं, तो म्हणाला, "वहिनीले विचारा, मले काहून विचारता?" तिलाही विचारलं. ती हसली फक्त. तू शिकलेली आहेस, तुला कळलं तर लिही. मला अजून कळलेलं नाही.

मी आधी हात उघडले. तो लगेच गेला नाही, माझ्या पायाला घासून क्षणभर थांबला, मग सरळ खोल पाण्यात. मग काठावर येऊन मी तिच्या कमरेची गाठ सोडली. ती घट्ट बसली होती, मला दाताने सोडावी लागली.

फाटकाची तार मदनसिंग वांग्याच्या वाफ्याला घेऊन गेला. मी नवी कडी बसवली आहे. हरीओम म्हणतो ती ढिली आहे, आतूनही निघते. निघते. मी दोन वेळा काढून पाहिली.

काठी, चक्री आणि झोळी परत पाठवतो. गादी मात्र पाठवत नाही, राग मानू नकोस. सकाळी हरीओम भाजी न्यायच्या आधी मामीला तलावावर सोडतो आणि ती त्या गादीवर बसते. जमादार अजून आलेला नाही. ती दाणे टाकते, आणि मी थोडा लांब बसतो.

होळीला ये.

तुझा मामा,
नथ्थू